व्यवसायोपचारातील पदव्युत्तर शिक्षण : एका नव्या खर्चशीर्षाविषयी

या अहवालासोबत जोडलेल्या उत्पन्न-खर्च पत्रकात यंदा 'उच्च शिक्षण साहाय्य' हे नवे शीर्ष आढळेल. आपल्या व्यवसायोपचार विभागातील एका तज्ज्ञ भगिनींना पदव्युत्तर पदवीच्या अभ्यासासाठी विश्वस्त मंडळाने दोन वर्षांची अध्ययन रजा, निम्मे वेतन आणि शिक्षणशुल्क मंजूर केले, त्याची ही नोंद आहे. हा खर्च निर्धन रुग्ण निधीतून झालेला नाही व होणारही नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. तो निधी २००६ च्या उच्च न्यायालयीन योजनेप्रमाणे गरीब रुग्णांसाठीच राखलेला असतो आणि त्याचा हिशेब स्वतंत्र ठेवला जातो.

आपल्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी ही बाब कळल्यावर विचारणा केली, की तेवढ्याच रकमेत विभागासाठी एखादे यंत्र घेता आले नसते काय? प्रश्न रास्त आहे. यंत्र मालमत्तेच्या यादीत येते, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते, पाहुण्यांना ते दाखवता येते. शिक्षणावरील रक्कम खर्चाच्या बाजूला लिहिली की वर्षअखेर ती संपली. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकीय विषयात त्याला अधिकार नाही. परंतु विभागप्रमुखांकडून व स्वतः त्या भगिनींकडून जे समजून घेतले, ते दात्यांपुढे आणि रुग्णांच्या नातेवाइकांपुढे ठेवणे हे आपले कर्तव्य आहे असे वाटते.

प्रथम नावाविषयी. 'व्यवसाय' या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. चौकशीच्या खिडकीवर अधूनमधून असेही गृहस्थ येतात, ज्यांना येथे नोकरी-धंदा लावून देतात असे वाटलेले असते. येथे व्यवसाय म्हणजे मनुष्याचा दिवस ज्या कृतींनी भरलेला असतो त्या सर्व : अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, स्वयंपाक, अभ्यास, खेळ, शेतातले वा कचेरीतले काम. आजाराने, अपघाताने किंवा जन्मतःच या कृती अडतात तेव्हा त्या पुन्हा, अथवा वेगळ्या रीतीने, करता याव्यात यासाठीचे शास्त्र ते व्यवसायोपचार. भौतिकोपचार, म्हणजे आपण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो, त्याचे हे भावंड होय. पक्षाघातानंतर हात खांद्यापर्यंत वर जाऊ लागला, ही भौतिकोपचाराची मिळकत. तोच हात डब्याचे झाकण काढील, पोलक्याचे हूक लावील, भाकरीचे पीठ मळील, येथपर्यंत नेणे हे व्यवसायोपचाराचे काम. आपल्या वॉर्डात दोन्ही विभाग एकाच खाटेपाशी काम करतात आणि प्रत्यक्षात सीमारेषा इतकी ठळक नसते, हेही नमूद केले पाहिजे.

या शास्त्राचे भारतातील घर मुंबईच आहे. जन्माने अमेरिकन व विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. इतका जुना वारसा असूनही तालुक्याच्या गावी हा शब्द अद्याप समजावून सांगावा लागतो. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने व्यवसायोपचाराची स्वतंत्र नोंद घेतली, ही समाधानाची बाब आहे.

बारावी विज्ञान शाखेनंतरचा पदवी अभ्यासक्रम महाराष्ट्रात साडेचार वर्षांचा चालत आला आहे. त्यात चार वर्षे अध्ययन आणि सहा महिने आंतरवासिता. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र हे विषय त्यात येतात. रुग्णांसमवेत किमान एक हजार तासांचा प्रत्यक्ष अनुभव असावा असा जागतिक महासंघाचा दंडक आहे. पदवीनंतर भारतात नोंदणी करून उपचार करता येतात. अमेरिकेत मात्र २००७ पासून या क्षेत्रात प्रवेश करण्यासाठीच पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली. आपली मुले तिकडे पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे पदवीधराला उपचाराचा अधिकार असताना आणखी दोन वर्षे कशासाठी, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एका उदाहरणाने देता येईल.

आपल्या परिसरात कडबाकुट्टी यंत्रात किंवा कोयत्याने हात कापल्याचे रुग्ण हंगामात वारंवार येतात. बोट मिटवणाऱ्या स्नायूची दोरी, जिला कंडरा म्हणतात, ती तुटलेली असते. शल्यचिकित्सक ती जोडतात. नातेवाइकांच्या समजुतीप्रमाणे येथे काम संपते. वस्तुतः येथून कसोटी सुरू होते. जोडलेली कंडरा हलवली नाही तर ती भोवतालच्या ऊतींना चिकटते आणि बोट कायमचे ताठ राहते. फार लवकर वा फार जोराने हलवली तर टाका तुटतो आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. तळहाताच्या वरच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात. त्या जागेला शल्यचिकित्सक पूर्वी 'नो मॅन्स लँड' म्हणत, कारण तेथील जोडणीचे निकाल फार वाईट येत असत.

हे निकाल पुढे सुधारले. त्याला शस्त्रक्रियेतील प्रगती जितकी कारण झाली, तितकीच नंतरच्या हालचालींची शिस्तही. या शिस्तीच्या अनेक पद्धती आहेत. एका पद्धतीत दुसऱ्या हाताने बोट हलवायचे असते. एकीत रबराच्या पट्टीने ते मिटवून रुग्णाने केवळ उघडायचे. तर आणखी एकीत आरंभापासूनच रुग्णाने स्वतः हलकेच बोट मिटवायचे. ही शेवटची पद्धत टाके पुरेसे भक्कम असतील तरच करता येते. सामान्यतः सहा आठवडे हाताच्या पाठीमागून संरक्षक स्प्लिंट असते आणि जड कामाला सुमारे बारा आठवड्यांपर्यंत परवानगी नसते. यांपैकी कोणती पद्धत कोणत्या रुग्णाला, हे पुस्तकातून एका ओळीत सांगता येत नाही. टाक्यांचे किती पदर आहेत, शस्त्रक्रियेला किती दिवस झाले, सूज किती, रुग्ण सूचना पाळील काय, तो दर आठवड्याला एस. टी. ने येऊ शकेल काय, असे सगळे पाहून निर्णय घ्यावा लागतो. पदवीच्या अभ्यासात या पद्धती शिकवल्या जातात. पदव्युत्तर अभ्यासात त्यांतून निवड करण्याचे, निवडीमागचे पुरावे वाचण्याचे आणि ते पुरावे किती विश्वासार्ह हे पारखण्याचे शिक्षण मिळते. जाता जाता सांगावेसे वाटते, की या उपचारातले स्प्लिंट साधारण सत्तर अंश तापमानाच्या पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याचे, त्याच रुग्णाच्या हातावर बेतलेले असते. आपल्या विभागात त्यासाठी लागणारी साधने म्हणजे गरम पाण्याचे पात्र आणि एक चांगली कात्री. यंत्राच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी यातच आहे.

दोन वर्षांत विद्यार्थी एका शाखेचा विशेष अभ्यास करतो : अस्थि-स्नायूंचे विकार, मज्जासंस्था, बालकांचे विकासदोष, मानसिक आरोग्य इत्यादी. दररोज रुग्ण तपासावे लागतात, वरिष्ठांपुढे मांडावे लागतात, पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागते. याखेरीज प्रबंध. त्याचा आराखडा नैतिकता समितीपुढे जातो, रुग्णांची लेखी संमती घ्यावी लागते आणि मिळालेल्या आकड्यांवर सांख्यिकीची प्रक्रिया करावी लागते. सांख्यिकीचा पेपर आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही होता, त्यामुळे प्रबंधाविषयीचे आमचे संभाषण जरा सुलभ झाले.

या संभाषणातून एक गोष्ट मनात राहिली. रुग्ण किती स्वावलंबी झाला हे मोजण्यासाठी १९६५ पासून बार्थेल निर्देशांक जगभर वापरला जातो. जेवण, अंघोळ, शौच, जिना चढणे अशा दहा बाबी आणि एकूण शंभर गुण. उपयुक्त साधन आहे. परंतु आपल्या रुग्णाला जमिनीवर मांडी घालून बसायचे असते, उकिडवे बसून शौचास जायचे असते, पाच वारी किंवा नऊवारी नेसायची असते, हाताने घास कालवायचा असतो. या गोष्टी त्या दहा बाबींत वेगळ्या विचारलेल्या नाहीत. त्यामुळे कागदावर भरपूर गुण मिळालेली आजी घरी जाऊन परावलंबीच राहू शकते. आपल्या घरांना लागू पडेल अशी मोजणी कशी करावी, हा प्रश्न त्या भगिनींनी प्रबंधासाठी मनात धरला आहे. विषय मंजूर होईल किंवा न होईल, पण त्या परत आल्यावर आपल्या केसपेपरवरील तपासणीचा तक्ता बदलेल, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी. तो तक्ता विभागातील प्रत्येक तज्ज्ञ वापरील.

त्या परत आल्याच नाहीत तर? विश्वस्तांच्या सभेत हा मुद्दा निघाला. पदव्युत्तर पदवीधरांना मोठ्या शहरांत व परदेशात मागणी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तीन वर्षे सेवा देण्याचे हमीपत्र घेतले आहे. हमीपत्राने मनुष्य हजेरीपटावर राहतो, मनाने राहील असे नाही. म्हणून बालविभागालगतची खोली रिकामी करून ती व्यवसायोपचारासाठी देण्याचा ठरावही त्याच सभेत झाला. आजवर हा विभाग व्हरांड्यातील पडद्याआड चालत होता.

या निर्णयाची झळ बसणार आहे ती रुग्णांना, आणि ती लपवणे योग्य नव्हे. दोन वर्षे विभागात एक तज्ज्ञ कमी राहील. पक्षाघाताचे आणि हाताच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण थांबवता येत नाहीत, त्यांना अग्रक्रम राहील. परिणामी बालकांच्या भेटी आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी होतील. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका बालकाच्या मातेने कार्यालयात येऊन सांगितले, की त्यांच्या मुलाच्या वयाची ही दोन वर्षे पुन्हा मिळणार नाहीत. त्यांचे म्हणणे खरे आहे आणि त्यावर प्रशासनाकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. त्यांच्याशी व अन्य पालकांशी विचारविनिमय करून पुढीलप्रमाणे व्यवस्था केली आहे. प्रत्येक बालकासाठी घरी करावयाच्या कृतींचा लेखी तक्ता देण्यात येईल. महिन्यातील दुसऱ्या शनिवारी पालकांना बसण्याची पद्धत, भरवणे, कपडे घालणे यांचे प्रात्यक्षिक दाखवले जाईल. आणि दोन वर्षांखालील बालकांच्या भेटी पूर्ववत दर आठवड्यालाच राहतील. सुट्यांच्या काळात त्या भगिनी येथे येऊन बालविभाग पाहतील, असे त्यांनी आपणहून कळवले आहे. शनिवारच्या वर्गांचे वेळापत्रक केसपेपरच्या खिडकीशेजारी लावले असून ज्या पालकांना त्या दिवशी येणे शक्य नाही, त्यांनी विभागात नाव नोंदवून दुसरा वार मागून घ्यावा.