वजूचं पाणी, अंगणातली माती आणि आपली खाम नदी

औरंगाबादला पाहुणे आले की आपण त्यांना पाणचक्की दाखवायला नेतो. हौजाजवळ फोटो काढतो, मुलं मासे बघतात, मग चहा पिऊन घरी. पाणचक्कीच्या भिंतीला लागून खाम नदी वाहते, पण तिकडे बघायला कुणी थांबत नाही. नाकाला रुमाल लावून मेहमूद दरवाजाचा पूल ओलांडतो. आम्ही लहान होतो तेव्हापासून तिला 'नाला' म्हणत आलोय. नदी आहे हे शाळेत कळलं.

या शहराचं पाणी काही आपोआप आलेलं नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली ती बेसाल्टच्या खडकावर. हा काळा पाषाण पाणी फारसं मुरू देत नाही. पाणी थांबतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये. उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी मुरलेलं हेच पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारावर, शहरात आणलं गेलं. त्यात ना मोटार ना वीज. तीच नहर-ए-अंबरी. पाणचक्कीची नहर पुढच्या काळातली. मातीच्या नळांतून पाणी येई, दगडी मनोऱ्यात चढे, तिथून हौजात पडे आणि त्या जोरावर जातं फिरे. पीठ कुणासाठी? बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या मुरीदांसाठी, मुसाफिरांसाठी.

म्हणजे वर डोंगरात पाणी मुरलं तरच खाली हौज भरणार. हे गणित चारशे वर्षांत बदललेलं नाही.

खाम जटवाड्याच्या डोंगरातून निघते, हर्सूल तलावात थांबते, मकाई दरवाजा, पाणचक्की, बारापुल्ला असं जुन्या शहराला बगल देत वाळूजच्या बाजूने गोदावरी खोऱ्यात, नाथसागराकडे जाते. आणि आपल्या नळाला येणारं पाणी कुठलं? नाथसागराचंच. मोहल्ल्यातून आपण जे सोडतो ते घाण पाणी फिरून आपल्याच धरणाच्या वाटेला लागतं, आणि शुद्ध करून परत आपल्याला पाजलं जातं, तेही काही दिवसाआड.

2021 च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक कंपनी यांनी मिळून खाम सुधारण्याचं काम हाती घेतलं. लोखंडी पुलाजवळचा फरक जाऊन बघा. तिथे कचरा आणि इमारतींचा मलबा काढला, काठाला उतार दिला, झाडं लावली. खरं शहाणपण मात्र दुसऱ्या गोष्टीत आहे: नदीत कचरा पडतो कुठून, हे शोधून घंटागाडी त्या वस्त्यांपर्यंत पोचवायची आणि नाल्यांना जाळ्या लावायच्या. नुसता गाळ काढला तर पुढच्या पावसाळ्यात ये रे माझ्या मागल्या.

पुष्कळांना वाटतं की दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती घातल्या की काम झालं. आमच्या मते ते नदीचं गटार करणं आहे. सिमेंटमधून पाणी मुरत नाही, ते वेगाने पळतं आणि खालच्या वस्तीत घुसतं. मातीच्या काठावर करंज, उंबर, जांभूळ असलं की मुळं काठ धरून ठेवतात, पाण्याचा वेग मोडतो, आजूबाजूच्या विहिरींना पाझर मिळतो.

एक गोष्ट बोललीच पाहिजे. काठावर राहणाऱ्या गरिबाला 'नदी पुनरुज्जीवन' म्हटलं की आधी जेसीबी दिसतो, आणि ही भीती खोटी नाही. म्हणून आपल्या मोहल्ल्यात काम येण्याआधी पूररेषा नकाशावर बघायला मागा, ड्रेनेज लाईन कुठून जाणार ते विचारा, बैठकीत बायकांनाही न्या. पुराचं पाणी त्यांच्याच चुलीत शिरतं. आणि आपल्या बाजूनेही हात साफ हवेत. बकरीदला आतडी, ओझडी प्लास्टिकच्या पिशवीत भरून रात्री नाल्यात फेकणारे आपलेच लोक आहेत. जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदमधून आठवडाभर आधी ऐलान झालं आणि गाडीची वेळ सांगितली, तर लोक ऐकतात.

आता घराकडे येऊ. वाहत्या नदीवर वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलीय. प्यारे नबी (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत. एक मुद्द म्हणजे आजच्या मापात एक लिटरपेक्षाही कमी. आपल्या नळाखाली एकदा बादली ठेवून वजू करा आणि मोजा. आम्ही मोजलं, शरम वाटली.

समजा एकेका वजूला तीन लिटर लागले आणि शंभर नमाजी आले, तर एका नमाजला तीनशे लिटर झाले. यात साबण नाही, तेल नाही. असं स्वच्छ पाणी गटारात कशाला जाऊ द्यायचं? वजूखान्याचा पाईप वेगळा काढून मस्जिदच्या किंवा कब्रस्तानच्या झाडांना द्या. घरच्या वजूचं पाणी कुंड्यांना, डाळिंबाला, मेंदीला, शेवग्याला चालतं. धुण्याभांड्याचं पाणी मात्र साठवून ठेवू नका, वास येतो. ते त्याच दिवशी केळी, अळू, कर्दळीच्या मुळाशी सोडा, कोथिंबीर-पुदिन्यावर नको.

जास्तीचं सांडपाणी शोषखड्ड्यात घाला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे केले, उघडी गटारं गेली आणि डासही. साधारण चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मधोमध छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, वर झाकण. संडासचं पाणी त्यात कधीच सोडायचं नाही आणि विहीर-बोअरपासून खड्डा लांबच हवा.

पावसाचा हिशोब तर सोपाच आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी 50 हजार लिटर उरतात. टँकर मोजा किती होतात! पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, छत धुऊन निघतं. मग पाईपला गाळणी लावून ते टाकीत किंवा बोअरशेजारच्या पुनर्भरण खड्ड्यात घ्यायचं.

आणि अंगणात फरशी पूर्ण घालू नका. बाईक उभी राहील एवढी जागा पक्की ठेवा, बाकी माती. अम्मी म्हणेल चिखल होतो. तिथे मुरूम पसरा. कंपाऊंडच्या भिंतीलगत दीड हात रुंदीचा चर काढून त्यात झाडं लावली की पन्हाळीचं पाणी तिथेच जिरतं. चर आणि खड्ड्याचं खोदकाम मे महिन्यातच उरका. जूनमध्ये गवंडी मिळत नाहीत, आणि मिळाले तर दुप्पट सांगतात.