किरायाच्या खोलीतील ओल : कापड जपतो तशी मुलेही जपा

फुलसावंगीहून पुढील शिक्षणासाठी मुले पुसद, उमरखेड, यवतमाळ, नांदेड येथे जातात आणि जुन्या घरांत किरायाने राहतात. या खोल्या पुष्कळदा आपल्याच व्यापारी बांधवांच्या असतात. दुकानामागची खोली किंवा रिकामे पडलेले गोदाम. हिवाळ्यात सकाळी भिंत ओली दिसते, कोपऱ्यात काळी बुरशी चढते, गादीला कुबट वास येतो. मालक म्हणतो, मुलांनी पाणी सांडले. मुले म्हणतात, भिंत गळते. शेवटी डिपॉझिटवरून तंटा होतो.

आम्ही कापडवाले ओलीला चांगले ओळखतो. ताके आम्ही जमिनीवर ठेवत नाही, भिंतीलाही टेकवत नाही. लाकडी फळीवर ठेवतो आणि मागे चार बोटे जागा सोडतो, म्हणजे हवा फिरते. जी काळजी कापडाची, ती माणसाची का नको?

भिंतीला ‘घाम’ का येतो, ते आधी पाहू. गरम हवा जास्त वाफ धरते, थंड हवा कमी. एक घनमीटर हवा २० अंशांवर सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते, १० अंशांवर केवळ ९ ग्रॅम. खोलीतील हवा थंड भिंतीला किंवा टिनाला लागली की जास्तीच्या वाफेचे पाणी होते. थंड पाण्याच्या लोट्यावर बाहेरून थेंब जमतात, तोच हा प्रकार. ही वाफ खोलीतच तयार होते. एक माणूस रात्रभरात श्वास व घाम मिळून पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. एक किलो गॅस जळाला की दीड किलो पाण्याची वाफ होते. त्यात दोरीवर ओले कपडे आणि खिडकी बंद!

मात्र प्रत्येक ओल अशी नसते. जुन्या भिंती काळ्या मातीतून पाणी वर ओढतात. पारख सोपी आहे. भिंत पुसून प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवावा व दोन दिवसांनी पाहावा. थेंब वरच्या बाजूला असतील तर दोष कोंडलेल्या हवेचा. मागच्या बाजूला असतील तर भिंतीचा. पहिल्यात मुलांनी सवय बदलावी आणि मालकाने हवेला वाट द्यावी. दुसऱ्यात दुरुस्ती मालकाचीच.

हवेसाठी समोरासमोर दोन वाटा हव्यात. ते शक्य नसेल तर दारावर रोशनदान काढावे, कारण गरम, दमट हवा वर चढते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण कोरड्या हवामानात उघडी जागा फरशीच्या एक दशांश असावी. म्हणजे १० बाय १० फुटांच्या खोलीला १० चौरस फूट. स्वयंपाक होत असेल तर एक्झॉस्ट फॅन लावावा. पलंग व कपाट भिंतीपासून सरकवावे, कपडे बाहेर वाळवावेत, हिवाळ्यात ऊन आल्यावर खिडक्या उघडाव्यात. मातीत बांधलेल्या भिंतीवर सिमेंट किंवा ऑइल पेंट चढवू नये, आतील ओल कोंडते. चुना बरा, तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

दोन गोष्टींत चालढकल नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि बंद न्हाणीत गॅस गिझर जीव घेऊ शकतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बुरशीने दम्याचा त्रास वाढतो, तोही साधा समजू नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जेथे लागू आहे तेथे कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. पण आपल्यासाठी कायद्याआधीही एक हुकूम आहे. हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे आपण विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ओल्या भिंतीवर नवा रंग मारून खोली किरायाने देणे, हे त्याहून वेगळे काय? खोलीतील ऐब आधी सांगावा, दुरुस्त करावा, मगच किराया घ्यावा. असाच पैसा हलाल आणि त्यातच बरकत.