नाकाची साक्ष पुरेशी नाही

तर्कशास्त्राच्या प्राथमिक ग्रंथांत गंध हा पृथ्वीचा गुण मानिला असून वायूकडे केवळ स्पर्श दिलेला आहे. शास्त्रकारांचा हेतू निराळा होता. तथापि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जाणाराने त्यातून एक बोध अवश्य घ्यावा. वायूची ओळख वासावरून पटेलच, असा भरवसा धरू नये.

ह्या वसाहतीत औषधांचे व रसायनांचे पुष्कळ कारखाने आहेत, आणि रसायनशास्त्राची पदवी घेतलेली आपल्या घरांतील मुलेही तेथे नोकरीस जातात. २०२५ साली ऑगस्टच्या २१ तारखेस तेथील एका औषधी कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार मृत्यू पावले.

‘वास आला की बाहेर पळू,’ असे पुष्कळांस वाटते. परंतु हायड्रोजन सल्फाइड हा वायू अल्प असता कुजक्या अंड्यासारखा घाण येतो. दहा लाख भागांत सुमारे १०० भाग झाला, की थोड्याच वेळात घ्राणेंद्रिय बधिर होते आणि धोका टळला असा भ्रम होतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. नायट्रोजनची गोष्ट अधिक विलक्षण. आपण घेतो त्या हवेत तो शेकडा ७८ असतो, म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण बंद टाकीत तोच भरला म्हणजे प्राणवायू उरत नाही. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः शरीरात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. तो उच्छ्वासाबरोबर बाहेर जातच असतो. त्यामुळे मनुष्य सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो.

पूर्वी इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी ही सूचना देत असे. ती चाल १९८६ साली बंद झाली. आता खिशाला अडकविण्याजोगे यंत्र हे काम करते. त्यातील लहानशा विद्युत्‌-रासायनिक घटात विषारी वायू शिरताच प्रवाह उत्पन्न होतो व त्यावरून प्रमाण कळते. हवेतील प्राणवायू शेकडा २०.९ असतो, तो १९.५ च्या खाली गेला, की यंत्र ओरडू लागते. टाकीत उतरण्यापूर्वी नळी सोडून वरची, मधली व तळाची हवा तपासावयाची असते, कारण काही वायू जड असल्यामुळे तळाशी साचतात. यंत्राचीही परीक्षा हवी. ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन ते ओरडते की नाही, हे कामापूर्वी रोज पाहावे. घट जीर्ण झालेले यंत्र पाहणाऱ्यास खोटा धीर देते.

शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. आत सोबती कोसळलेला दिसला म्हणजे दयेने दुसरा धावतो, आणि त्याच्या मागून तिसरा. श्वसनयंत्र लाविल्यावाचून आत जाणे म्हणजे मदत करणे नव्हे. आधी हाक द्यावी, भोंगा वाजवावा. आपल्या मुलाने नोकरी धरली, की पगाराबरोबर ‘यंत्र मिळते का, आणि ते शेवटचे केव्हा तपासले?’ हेही घरच्या वडील माणसांनी अगत्याने विचारावे, अशी आमची विनंती आहे.