युद्धकाळातले भरतीपट

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात लष्करभरती सक्तीची नव्हती. १९३९ साली सुमारे दोन लाख असलेले सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेले, ते स्वेच्छेने नाव नोंदवणाऱ्यांमुळे. हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी उभ्या केलेल्या ए. आर. पी. पथकांनाही स्वयंसेवक हवे होते. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बाँब पडले. पण यवतमाळसारख्या आतल्या जिल्ह्यात युद्ध दूरचेच होते. ते जवळचे वाटावे, यासाठी सरकारने चित्रपटाचा आधार घेतला.

१९४० मध्ये मुंबईत 'फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड' स्थापन झाले. जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते आणि काही काळ व्ही. शांताराम मुख्य निर्माते. १९४३ मध्ये 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही संस्था आणि 'इंडियन न्यूज परेड' हा वार्तापट सुरू झाला. इझ्रा मीर यांच्या देखरेखीखाली निघालेल्या लघुपटांत सैनिकी जीवन, युद्धसामग्रीचे कारखाने, शेती असे विषय असत. ते इंग्रजी, हिंदुस्तानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगूत निघत. मराठी त्यांत नव्हती. वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला हिंदुस्तानीवरच भागवावे लागे.

त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांत ४४-अ हे कलम आले. प्रत्येक खेळात सरकारमान्य लघुपट दाखवणे थिएटरांना बंधनकारक झाले आणि त्याचे भाडेही थिएटरमालकांच्याच माथी आले.

पडद्याची सक्ती करता आली, तरी मने दुभंगलेलीच होती. वणीचे लोकनायक बापूजी अणे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. मंडळातले नागरी संरक्षण खाते मध्य प्रांताचेच ई. राघवेंद्र राव यांच्याकडे होते. 'छोडो भारत' चळवळीनंतर, फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी अण्यांनी राजीनामा दिला. १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने निधी नाकारला आणि चित्रसंस्था बंद पडली.

यंत्रणा मात्र टिकली. १९४८ मध्ये 'फिल्म्स डिव्हिजन' आले आणि सरकारी लघुपट दाखवणे ही थिएटरच्या परवान्याची अट बनली. स्वयंसेवक पथकांची कल्पनाही टिकली. मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ रोजी होमगार्ड दल उभे राहिले होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर या दलाची देशभर पुनर्रचना झाली आणि १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला. दोन्हींचा पाया आजही स्वयंसेवकच आहेत.