कुड्या त्याच, उजेड वेगळा!

सांगा बघू : आजीच्या हिऱ्याच्या कुड्या लग्नाच्या हॉलमध्ये लखलखतात, आणि घरी ट्यूबलाइटखाली आल्या की गप्प बसतात. कुड्या त्याच, आजीही तीच. मग बदललं काय?

बदलला उजेड! हिरा म्हणजे काही दिवा नव्हे. अगदी काळोख्या खोलीत ठेवलात, तर चाचपडूनच शोधावा लागेल. तो करतो काय, तर आलेला उजेड आत घेतो, फिरवतो, त्यातले रंग सुटे करतो आणि परत पाठवतो.

हवेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. हिऱ्यात शिरला की त्याचा वेग सव्वा लाख किलोमीटरच्याही खाली येतो. वेग बदलतो तशी त्याची वाट वाकते. लाल रंग थोडा कमी वाकतो, जांभळा थोडा जास्त, म्हणून रंग वेगळे होतात. शिवाय आत शिरलेल्या उजेडाला सहज बाहेरही पडता येत नाही. तो पैलूवर तिरका आदळला की आतल्या आत उलटा फिरतो. हेच ते तुमच्या पुस्तकातलं पूर्ण आंतरिक परावर्तन. नेहमीच्या गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. ते बेतून पाडले, तर बराचसा उजेड वरच्या बाजूनं, थेट तुमच्या डोळ्यांकडे परततो.

आता ट्यूबलाइटचं कोडं सोडवू. ट्यूब लांबलचक. तिच्या प्रत्येक भागातून आलेले रंग हिऱ्यात सुटे होतात खरे, पण एकमेकांवर पडून पुन्हा पांढरे होतात. हिरा उजळ दिसतो, रंग मात्र हरवतात. बेळगावच्या पावसाळ्यात तेच होतं. सगळं आभाळ ढगांनी भरलेलं, उजेड चहूकडून येणारा, मग रंगीत ठिणगी उडणार कशी? निरांजनाची ज्योत किंवा छतातला बारका दिवा म्हणजे एकच छोटा ठिपका. त्याचे रंग सुटेच राहतात. आजीनं मान हलवली की क्षणात लाल, क्षणात निळा! हॉलमध्ये तर असे कितीतरी बारके दिवे. सराफांच्या दुकानातही ते उगीच लावलेले नसतात.

कोहिनूरचीसुद्धा एकदा अशीच फजिती झाली होती. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये, काचेच्या प्रचंड इमारतीत मोठं प्रदर्शन भरलं. कोहिनूर बघायला झुंबड उडाली, पण लोक हिरमुसून परतू लागले. काचेतून चहूकडून येणाऱ्या उजेडात तो काही चमकेना. मग त्याच्याभोवती कापड लावून अंधार केला आणि आत गॅसचे दिवे लावले. तरी लोकांचं समाधान होईना. शेवटी १८५२ साली त्याला नव्यानं पैलू पाडले. १८६ कॅरटचा हिरा उरला जेमतेम १०६ कॅरटचा! आपल्या त्र्यंबकेश्वरच्या देवळातला ‘नाशिकचा हिरा’ १८१८ साली इंग्रजांच्या हाती पडला. चमक वाढावी म्हणून त्यालाही पुन्हा पैलू पाडले गेले.

आणखी एक गंमत आहे. नोटा तपासायच्या यंत्रात जांभळट दिवा असतो ना? त्यातले अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत. पण काही हिरे ते किरण घेतात आणि त्या बदल्यात निळसर उजेड देतात. उन्हातही अतिनील किरण असतात. त्यामुळे असा किंचित पिवळसर हिरा उन्हात जरा जास्त पांढरा भासू शकतो. हिऱ्यांच्या या प्रकाशण्याचा अभ्यास आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूला, सर सी. व्ही. रामन यांनी वर्षानुवर्षं केला.

आता प्रयोग तुमचा. त्यासाठी खरा हिरा नको, आईच्या अमेरिकन डायमंडच्या टॉप्सवर भागेल. आधी विचारून घ्या बरं! टॉप्स ट्यूबलाइटखाली हलवून बघा. मग ट्यूब बंद करून मोबाइलच्या टॉर्चखाली बघा. नंतर उन्हात न्या, पण सूर्याकडे पाहू नका. कुठं जास्त रंग दिसले, ते वहीत लिहा. मग डोकं खड्याच्या अगदी जवळ न्या. खडा काळवंडला? तुम्हीच त्याचा उजेड अडवलात! रंग भरपूर दिसले म्हणून खडा खरा, असं मात्र समजू नका. अमेरिकन डायमंड हिऱ्यापेक्षाही जास्त रंग फेकतो.

हिऱ्यांचे जुने पारखी खड्याचा रंग झगझगीत दिव्याखाली ठरवत नाहीत. दिवसा, उत्तरेकडच्या खिडकीशी, पांढऱ्या कागदावर खडा उलटा ठेवून तो पाहतात, कारण तिथं थेट ऊन सहसा येत नाही. तेव्हा सराफाकडे बेळगावात शहापूरला जा, नाहीतर निपाणीहून कोल्हापूरच्या गुजरीत. घरचे खडा निवडू लागले की तुम्ही बिनधास्त म्हणा, “काका, जरा दाराशी उजेडात दाखवा की!”