चहाच्या खोक्यावरची तार

हदगावकडे लग्नानंतर घरात गोंधळ घालतात, तेव्हा संबळाच्या बाजूला तुणतुणं असतंच. पोकळ लाकडी नळकांडं, बुडाला चामडं, कडेला दांडी आणि एकच तार. माहूरच्या रेणुकेला हाक घालणारा गोंधळी तेवढ्या तारेवर रात्र जागवतो. ब्रिटनच्या गिटार पॉपचा माग काढत गेलं, की तिथंही असंच एका तारेचं वाद्य हाती लागतं.

१९५६ साली लॉनी डोनेगनच्या ‘रॉक आयलंड लाइन’नं तिथल्या पोरांना वेड लावलं. या संगीताला म्हणत स्किफल. स्वस्तातली गिटार, कपडे घासायचा पत्रा आणि बाससाठी चहाचं रिकामं खोकं! हिंदुस्थानातून, सिलोनमधून चहा भरून गेलेली ती प्लायवूडची खोकी. खोकं पालथं घालायचं, वर आलेल्या तळाला मधोमध भोक पाडून दोरी ओवायची, तिचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याला बांधायचं आणि दांडा खोक्याच्या कडेवर उभा धरायचा. दांडा मागं रेटला की दोरी ताणते, सूर चढतो. सैल सोडला की उतरतो. चौंडकं वाजवणारी जोगतीणही तार अशीच ओढून सूर चढवते.

६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत जॉन लेननच्या ‘क्वारीमेन’नं वाजवलं, त्यांच्यातही हे खोकं होतं. लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची गाठ पडली ती त्याच दिवशी. पुढं बीटल्स झाले.

पुढच्याच वर्षी पाचगणीत, योगायोगानं सेंट पीटर्स नावाच्याच शाळेत, पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. फारुख बलसारा हा झांझिबारहून आलेला पारशी मुलगा पियानोवर, आणि फरंग इराणीच्या हाती तेच, चहाच्या खोक्याचं बास. क्लिफ रिचर्डची गाणी सह्याद्रीच्या पठारावर अशी वाजत होती. हा क्लिफही जन्मानं लखनौचा.

१९६४ मध्ये बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० साली ‘क्वीन’ हा बँड उभा राहिला, तेव्हा फारुखचा फ्रेडी झाला होता. शेजारी ब्रायन मे, आणि त्याच्या गळ्यात त्यानं वडिलांबरोबर घरीच घडवलेली गिटार: दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या.