मी पाहिले म्हणून तो मेला का?

गावातल्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवीत होतो, तेव्हाची गोष्ट. डबक्याच्या पाण्यात वाळलेले गवत भिजत घालायचे आणि आठ दिवसांनी त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन मुलांना दाखवायचा, हा माझा दरसालचा कार्यक्रम. सूक्ष्मदर्शक एकच आणि मुले पन्नास! रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या मुलीची पाळी आली, तोवर दिव्याच्या उष्णतेने थेंब आटत आला होता. भिंगाखालचा पॅरामेशियम मंदावला, थांबला आणि फुटून गेला. मुलीने मान वर केली. "सर, मी पाहिलं म्हणून तो मेला का?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मला चिकटला तो चिकटलाच. पुढे वाचत गेलो, तेव्हा कळले की थोरथोर शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न छळत आला आहे.

सतराव्या शतकात डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्यातले जीव पाहिले, ते जिवंत, हुंदडणारे. पण १८७३ साली एर्न्स्ट ॲबे याने दाखवून दिले की, प्रकाशाच्या साहाय्याने पाहण्याला एक मर्यादा आहे. साधारण मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागापेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसणारच नाहीत. १९३१ साली रुस्का आणि क्नोल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बांधला आणि पुढे ही अडचण दूर झाली. मात्र त्यात वस्तू निर्वात पोकळीत ठेवावी लागते. तिथे जीव कसा तगणार? म्हणजे जिवंत पाहायचे तर अंधुक आणि स्पष्ट पाहायचे तर मेलेले!

या पेचातून वाट काढली ती एका क्षुद्र किड्याने. सी. एलेगन्स हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक सूत्रकृमी. केंब्रिजमध्ये जॉन सल्स्टन रोज चार-चार तासांच्या दोन पाळ्या करून, दीड वर्ष, त्याच्या जिवंत गर्भातली एकेक पेशी दुभंगताना पाहत बसले. १९८३ साली पेशींची ती सारी वंशावळ प्रसिद्ध झाली. त्याच प्रयोगशाळेत जॉन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या कृमींचे अतिशय पातळ काप काढून हजारो छायाचित्रे जुळवली आणि १९८६ साली त्याच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा दिला. जन्मकथा जिवंत कृमीने सांगितली, तर बारीक जोडण्या मेलेल्याने. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कुठे एक प्राणी उलगडला. शिवाय कळले की, वाढताना त्याच्या १३१ पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात. हे मरणे शरीराच्या घडणीचाच भाग असते. या संशोधनाला २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲबेची मर्यादाही पुढे ओलांडली गेली. त्याबद्दल २०१४ चे नोबेल दिले गेले. परंतु त्यातल्या काही पद्धतींना प्रकाश फार प्रखर लागतो आणि प्रखर प्रकाश जिवंत पेशींना बाधतो. पुन्हा माझा दिवा आणि माझा थेंब!

२००४ साली हायडेलबर्गच्या हुइस्केन आणि श्टेल्झर यांच्या गटाने एक युक्ती प्रत्यक्षात आणली. प्रकाशाचा कागदासारखा पातळ पडदा बाजूने सोडायचा. जो थर पाहायचा तेवढाच उजळतो, बाकीचा देह अंधारात निवांत राहतो. अशा रीतीने माशांचे आणि माश्यांचे गर्भ तासन्‌तास वाढताना पाहता येऊ लागले.

ती मुलगी आता कुठे आहे, ठाऊक नाही. भेटली तर सांगेन, "होय बाळ, तो आपल्या दिव्यानेच मेला. तू विचारलेस, तेव्हाच मी तसे कबूल करायला हवे होते."